आमदाराचा सोमवार

पहाटे साडेपाच

मंद्रूपला दिवस उजाडायच्या आधी आमदाराचा फोन उजाडतो. पहिला फोन बहुतेक नदीकाठचाच. औज, टाकळी, कुसूर, भंडारकवठे, कुठूनही येतो. "साहेब, नदीला पाणी सोडलंय आणि आमची लाईट कापलीय. डोळ्यांदेखत पाणी वाहायलंय आणि ऊस वाळायलाय बघा." तो ठेवला न ठेवला तोच दुसरा वाजतो, जुळे सोलापुरातून. "आज पाचवा दिवस, साहेब. नळाला पाणी नाही."

तक्रारी दोन, पण पाणी एकच आहे. उजनीतून सोलापूर शहरासाठी भीमेत पाणी सोडतात. ते कित्येक दिवस पात्रातून वाहत औज आणि चिंचपूरच्या बंधाऱ्यांत पोचतं आणि टाकळीहून शहराला उपसलं जातं. वाटेत ते कुणी ओढू नये म्हणून काठावरच्या शेतीपंपांची वीज कमी करतात. शहराला प्रत्यक्षात लागतं त्याच्या कितीतरी पट पाणी धरणातून सोडावं लागतं, कारण मोठा वाटा पात्र आणि ऊनच घेऊन जातं. धरणातून थेट शहरापर्यंत समांतर जलवाहिनी टाकण्याची मागणी यातूनच पुढे आली, आणि ते काम वर्षानुवर्षे रखडत राहिलं.

आता मतदारसंघाचा नकाशा पाहा. 251 दक्षिण सोलापूर. यात मंद्रूपसारखी मोठी गावं आहेत, भीमा-सीनेच्या काठची खेडी आहेत आणि सोलापूर शहराचा विजापूर रोड, जुळे सोलापूरचा भागही आहे. पाणी सोडा म्हणणारा आणि वीज सोडा म्हणणारा, दोघेही याच आमदाराचे मतदार. राज्यात 288 आमदार आहेत. त्यांतल्या बऱ्याच जणांना शहराची किंवा गावाची बाजू धरून भागवता येतं. इथल्या आमदाराला ती सोय नाही. आमच्याकडच्या आमदारकीची खरी परीक्षा इथेच होते, असं मला वाटतं.

मी या भागाचा वार्ताहर आहे. आमदार बदलताना पाहिले, पक्ष बदलताना पाहिले. खाली लिहिलाय तो सोमवार कुणा एका आमदाराचा नाही. अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या तोंडावरचे असे दिवस मी वेगवेगळ्या आमदारांच्या मागे फिरून काढले, त्यांतून हा एक जुळवलाय. म्हणून नाव कुणाचंच घालत नाही.

सकाळी सात

दारात चपलांचा ढीग पडलेला असतो. पुढारी, कार्यकर्ते, कंत्राटदार आत खुर्च्यांवर आणि ज्यांचं खरोखर अडलेलं असतं ते बाहेर ओट्यावर. माझ्या मते आमदाराची पहिली ओळख इथे पटते. आतल्यांशी चहा घेऊन मग बाहेर येणारे पाहिलेत, आणि आधी ओट्यावर बसून घेणारेही पाहिलेत. दुसऱ्या प्रकारचा आमदार निवडणुकीत हरला तरी त्याच्या दारातली गर्दी पुढची दहा वर्षे हटत नाही.

अर्ज काय काय असतात? डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळाला. शेतरस्ता शेजाऱ्याने नांगरला. सातबाऱ्यावर बोजा तसाच राहिलाय. मुलाला सोलापूरच्या वसतिगृहात घ्यायला लावा. पुतण्याची बदली करा. सिव्हिलमध्ये पेशंट आहे, डॉक्टरांना फोन लावा. कारखान्याचं बिल राहिलंय. निम्म्याहून जास्त कामं आमदाराची नाहीतच. ग्रामसेवक, तलाठी, वायरमन यांच्या पातळीवर ती मिटायला हवीत. पण त्याला एक कारणही आहे. 2022 च्या मार्चमध्ये सोलापूर जिल्हा परिषदेची आणि पंचायत समित्यांची मुदत संपली आणि पुढची काही वर्षे तिथे प्रशासक बसले. गटातला झेडपी सदस्य, गणातला पंचायत समिती सदस्य ही मधली माणसंच नाहीशी झाली. सरपंचाच्या वर थेट आमदार. मग सांडपाण्याच्या गटारीपासून सगळंच या ओट्यावर येऊन पडलं.

ओट्यावरची एक आज्जी मात्र डीपीसाठी आलेली नव्हती. साठीची असेल. घरी कानडी, आमदाराशी मराठी, मध्येच अडलं की पुन्हा कानडी. आमच्याकडे हे इतकं सवयीचं आहे की कुणाचं लक्षही जात नाही. पिशवीतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद काढले. आधार कार्ड, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक, उत्पन्नाचा दाखला.

"पगार मंजूर होईना, साहेब."

पगार म्हणजे निराधारचं अनुदान. खेड्यात त्याला सगळे पगारच म्हणतात. महिन्याला 1,500 रुपये. 2023 पर्यंत ते 1,000 होते.

"का होईना, आज्जी?"

"उत्पन्न जास्ती हाय म्हणत्यात."

आमदाराने दाखला उलटून पाहिला. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 24,000 रुपये. योजनेची मर्यादा 21,000. तीन हजारांनी आज्जी श्रीमंत ठरल्या होत्या.

मी तिथेच वहीत हिशेब मांडला. 21,000 भागिले बारा, म्हणजे महिन्याला 1,750. शेतमजुरी दिवसाला तीनशे धरली तरी वर्षातले सत्तर दिवस काम मिळालं की माणूस ही मर्यादा गाठतो. एकाहत्तराव्या दिवशी तो निराधार उरत नाही. ही मर्यादा कित्येक वर्षे तिथेच थांबलीय; मजुरी वाढली, ज्वारीचा भाव वाढला, अनुदानही थोडं वाढलं, मर्यादा हलली नाही. त्यामुळे खरा दाखला देणारा बाहेर राहतो, आणि आत यायचं तर दाखल्यावरचा आकडा कमी लिहून घ्यावा लागतो.

इथे आमदारापुढे दोन वाटा असतात. एक सोपी: फोन उचलायचा, "जरा बघा हो, आपल्याच आहेत" म्हणायचं. आज्जींचं काम कदाचित होईलही. दुसरी वाट लांबची. त्या दिवशीच्या आमदाराने फोन लावला नाही. स्वीय सहायकाला म्हणाला, "याची झेरॉक्स काढून तांबड्या फायलीत ठेवा." आणि आज्जींकडे वळून, "आज्जी, तुमचं एकटीचं काम नाही हे. मुंबईला विचारावं लागतं." आज्जींच्या चेहऱ्यावर निराशा दिसली. दिसणारच. त्यांना मुंबई नको होती, पगार हवा होता. तेवढ्यावर आमदार थांबला नाही, हे मला आवडलं. घरात कमावतं कोण, मुलगा वेगळा राहतो का, रेशन कार्ड विभक्त आहे का, हे त्याने एकेक करून विचारलं. मुलगा सात वर्षांपासून वेगळा, कार्ड मात्र एकच. मग आधी कार्ड विभक्त करायचा अर्ज त्याने सहायकाकडून तिथेच लिहून घेतला.

तांबडी फाईल लक्षात ठेवा, रात्री ती पुन्हा उघडणार आहे.

सकाळी नऊ

गाडी निघते. हा भाग मी भरभर सांगतो, कारण सगळ्या आमदारांचा तो सारखाच असतो. एका गावात सिमेंट रस्त्याचं भूमिपूजन, दुसऱ्यात शाळाखोलीचं उद्घाटन, तिसऱ्यात समाजमंदिराची मागणी. नारळ, फेटा, शाल, फोटो. मध्येच कुणाच्या घरी दुःखाला जाणं. लग्नाला नाही गेलं तर माणसं समजून घेतात. मातीला नाही गेलं तर पाच वर्षे लक्षात ठेवतात. जुने कार्यकर्ते रोज सकाळी कोण गेलं याची यादी करून ठेवतात आणि आमदाराचा रस्ता त्या यादीवर ठरतो.

नारळ फुटतो तो पैसा कुठला, हेही लोकांना ठाऊक असावं. आमदार स्थानिक विकास कार्यक्रमात आमदाराला वर्षाला 5 कोटींची कामं सुचवता येतात. 2022 च्या मार्चमध्ये ही रक्कम 4 कोटींवरून वाढवली. तो पैसा आमदाराच्या हातात येत नाही. तो काम सुचवतो, मंजुरी जिल्हाधिकारी कार्यालयातून होते. 5 कोटी ऐकायला मोठे वाटतात, पण शंभर ठिकाणी वाटले तर एका ठिकाणाला पाच लाख. त्यात गल्लीतला रस्ता होतो, गाव बदलत नाही. गाव बदलतं ते पाण्याने, विजेने, दवाखान्यात डॉक्टर असण्याने, आणि त्याचा पैसा राज्याच्या अर्थसंकल्पात असतो. अर्थसंकल्पावर बोलायचं ठिकाण मुंबईत आहे. फलकावर नाव लागतं म्हणून आमदार पाच लाखांच्या मागे पळतो, आणि लोकही त्याला त्याच मापाने मोजतात. यात दोष दोघांचाही आहे.

सीना ओलांडताना वडकबाळच्या पुलावर गाडी थांबवायची पद्धत आहे. 2025 च्या सप्टेंबरात सीनेला महापूर आला तेव्हा सोलापूर-विजापूर रस्ता इथे बंद पडला होता, काठची शेतं गेली, माती वाहून गेली. एरवी पाणी मागणारा हा तालुका त्या महिन्यात पाण्यापासून पळत होता. पंचनाम्यातून सुटलेल्या जमिनींचे कागद अजून येतात, तेही फायलीत जातात.

सकाळी साडेअकरा

मंद्रूपला अधिकाऱ्यांची आढावा बैठक. महसूल, वीज, पाणीपुरवठा, कृषी, आरोग्य, बांधकाम, पोलीस. अशा बैठकीत आरडाओरडा करणारा आमदार लोकांना आवडतो. टेबलावर हात आपटला की मोबाईलवर व्हिडिओ निघतो, संध्याकाळपर्यंत गावोगाव फिरतो. मी अशा बातम्या दिल्यात, त्या वाचल्याही जातात. पण बैठकीच्या टाचणात काय उरतं ते पाहिलं तर ओरडण्यातून बहुधा "तात्काळ कार्यवाही करण्यात येईल" एवढं एकच वाक्य निघतं.

दुसऱ्या तऱ्हेने विचारणाराही मी पाहिलाय. त्याने वीजवाल्यांना एवढंच विचारलं: "गेल्या महिन्यात किती डीपी जळाले? त्यातले किती बदलले? बदलायला सरासरी किती दिवस लागले? ऑईल कुणी आणलं, तुम्ही की शेतकऱ्यांनी वर्गणी काढून?" शेवटच्या प्रश्नावर खोली शांत झाली. कारण उत्तर सगळ्यांना माहीत होतं. वर्गणी काढायची, ट्रॅक्टर लावायचा, जळका डीपी शेतकऱ्यानेच नेऊन पोचवायचा, हे आमच्याकडे इतकं मुरलंय की ते काम कुणाचं हेच माणसं विसरलीत. आमदाराने आवाज चढवला नाही. आकडे लिहून मागितले, सहीनिशी, आठ दिवसांत. मला तो क्षण फार मोलाचा वाटला. सहीचा कागद हातात असला की सभागृहात प्रश्न उभा राहतो. व्हिडिओवर तो राहत नाही.

मग पाणी. नदीकाठचे शेतकरी दोघे-चौघे बैठकीत घुसलेच. शहराचं पाणी अडवा, असं त्यांचं म्हणणं नव्हतं. हे मुद्दाम लिहितो, कारण शहरातल्या लोकांचा तसा समज आहे. त्यांचं म्हणणं साधं होतं: वीज किती तास, कोणत्या वेळी, किती दिवस, हे आधी सांगा. आज अचानक लाईट जाते, मोटार बंद, भिजवण अर्धी राहते. वेळापत्रक आधी कळलं तर पाळी बदलता येते. "आमचीबी पोरं शहरात शिकायलीत, साहेब. त्यांनाबी तेच पाणी प्यायचंय," असं एक जण म्हणाला.

दुपारी दोन

एका वाड्यात जेवण. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही, वांग्याची भाजी. इथे गप्पा राजकारणाच्या निघतातच, आणि जुनी माणसं एकेक पान उलगडत जातात.

या मतदारसंघाने मुख्यमंत्रीही निवडून दिलाय. 2003 च्या जानेवारीत सुशीलकुमार शिंदे मुख्यमंत्री झाले तेव्हा ते लोकसभेचे खासदार होते. सहा महिन्यांत राज्याच्या विधिमंडळाचं सदस्य होणं राज्यघटनेने बंधनकारक. आनंदराव देवकते यांनी दक्षिण सोलापूरची जागा त्यांच्यासाठी सोडली आणि पोटनिवडणुकीत शिंदे इथून विधानसभेवर गेले. सोलापूरच्या न्यायालयात नोकरी, मग पोलीस खात्यात फौजदार, 1974 ला करमाळ्यातून पहिल्यांदा आमदार, पुढे राज्याचे अर्थमंत्री म्हणून सलग नऊ अर्थसंकल्प, मुख्यमंत्री, राज्यपाल, केंद्रात ऊर्जा आणि गृह. एवढी लांब वाट चाललेला माणूस काही काळ मंद्रूपचा आमदार होता, हे इथल्या तरुण पोरांना सांगावं लागतं. पुढे 2009 ला काँग्रेसचे दिलीप माने आले, 2014, 2019 आणि 2024 ला भाजपचे सुभाष देशमुख. देशमुख मधल्या काळात राज्याचे सहकारमंत्रीही होते.

वाट बहुतेकांची सहकारातून किंवा पक्षातून जाते. सोसायटी, बाजार समिती, बँक, कारखाना, दूध संघ. तिथे माणसं जोडायची, मग तिकिटासाठी थांबायचं. विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा 40 लाखांची आहे. सर्वसाधारण घरातल्या पोराने हा आकडा ऐकला की तो सरपंचपदावरच थांबतो. चांगला आमदार मिळायचा तर कितीतरी चांगली माणसं या पायरीलाच गळतात, याची मला खंत आहे.

आणि गप्पा शेवटी सांगोल्यावर येतात. आमच्या जिल्ह्यात आमदारकीचा विषय गणपतराव देशमुखांचं नाव घेतल्याशिवाय संपत नाही. मोहोळ तालुक्यातल्या पेनूरला जन्म, 1962 ला शेतकरी कामगार पक्षाकडून सांगोल्यातून पहिला विजय, आणि 2014 पर्यंत एकूण अकरा वेळा विधानसभेत. पक्ष एकच, मतदारसंघ एकच. दोनदा पडलेही, 1995 चा पराभव तर 192 मतांचा. पडल्यावर घरी बसले नाहीत आणि निवडून आल्यावर बदलले नाहीत. एसटीने प्रवास करणारा आमदार म्हणून लोक त्यांना सांगतात. एसटीत विधिमंडळ सदस्यांसाठी राखीव आसन असतं. त्यावर आमदार बसलेला पाहिलाय असं म्हणणारी पिढी आता म्हातारी झालीय.

पण मला साधेपणापेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा नागनाथअण्णा नायकवडींबरोबर त्यांनी वर्षानुवर्षे चालवल्या. आटपाडीला माणसं जमायची, मागणी ठरायची, तीच मागणी सभागृहात जायची, तिथलं उत्तर पुन्हा परिषदेत यायचं. टेंभू, म्हैसाळ योजनांच्या पाण्याचा पाठपुरावा असा अनेक सरकारांच्या काळात अखंड चालला. रस्त्यावरची माणसं आणि सभागृहातला प्रश्न यांच्यातला दोरा त्यांनी तुटू दिला नाही. 2021 च्या जुलैत ते गेले तेव्हा विरोधी पक्षांची माणसंही रडली, ती एसटीच्या आसनासाठी नव्हे.

दुपारी चार

हत्तरसंग कुडलला धावती भेट. भीमा आणि सीना इथे मिळतात. संगमावरच्या देवळातला शिलालेख शके 940 चा, म्हणजे 1018 सालचा. मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांपैकी एक. कानडी बोलणाऱ्या गावांच्या मध्यावर हजार वर्षांपूर्वीची मराठी ओळ उभी आहे, याचा मला फार अभिमान वाटतो. 2024 च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा इथे एखादा सरकारी कार्यक्रम तरी व्हावा असं मनापासून वाटलं होतं. आमदाराकडे मागणी नेहमीचीच: रस्ता नीट करा, भाविकांसाठी निवारा करा. मागणी रास्त आहे. तीही फायलीत.

संध्याकाळी सहा

जुळे सोलापूर. सोसायटीच्या पटांगणात खुर्च्या मांडलेल्या. इथली माणसं वेगळ्या भाषेत बोलतात: कर, प्रेशर, टँकर, महापालिका, वेळापत्रक. पुन्हा वेळापत्रक! सकाळी मंद्रूपला हाच शब्द ऐकला होता. शहरातल्या बाईंची तक्रार ऐका: "चार दिवसांनी येतं त्याला आमचं काही म्हणणं नाही हो आता. पण ते पहाटे दोनला येणार की सकाळी नऊला, तेवढं तरी सांगा. मी नोकरी करते."

आमदाराने इथे एक काम केलं, ते क्वचितच कुणी करतो. तुमचं पाणी कोणत्या वाटेने येतं, हे त्याने त्या पटांगणात समजावून सांगितलं. औज, चिंचपूर, टाकळी. तुमच्या नळासाठी नदीकाठच्या शेतकऱ्याची मोटार बंद ठेवतात, हे बहुतेकांना माहीतच नव्हतं. एक निवृत्त शिक्षक उठून म्हणाले, "मग साहेब, पाणी सोडायच्या तारखेची आणि वीजकपातीची सूचना दोन्हीकडे एकदमच का देत नाहीत?" टाळ्या पडल्या. सकाळच्या दोन फोनवाल्यांना एकमेकांविरुद्ध उभं करून मतं मिळवणं अवघड नाही. दोघांची एकच मागणी शोधून काढायला अख्खा दिवस फिरावं लागतं, आणि ती शेवटी आमदाराला नाही, एका शिक्षकाला सापडली. पण त्या शिक्षकापुढे शेतकऱ्याची बाजू मांडणारा आमदारच होता.

रात्री साडेआठ

आता तांबडी फाईल. दिवसभरातला माझ्या लेखी सर्वांत महत्त्वाचा तास हाच, आणि बहुतेक आमदारांच्या दिवसात तो नसतोच. थकलेला असतो माणूस. जेवण, दोन-चार खासगी भेटी, संपला दिवस.

मंगळवार-बुधवार मंत्री मुंबईत सापडतात म्हणून आमदार सोमवारी रात्री निघतो. अधिवेशन तोंडावर, प्रश्नांच्या सूचना आधीच द्याव्या लागतात. वर्षात तीन अधिवेशनं: मार्चमध्ये अर्थसंकल्पी, पावसाळ्यात दुसरं, डिसेंबरात नागपूरला. आमदाराला हत्यारंही बरीच दिलेली आहेत. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, औचित्याचा मुद्दा, अर्धा तास चर्चा, कपात सूचना. त्यांची धार मात्र कागदावर येते.

टेबलावर सकाळपासूनचे अर्ज पसरले. डीपीचे एका बाजूला, निराधारचे दुसऱ्या, पाण्याचे तिसऱ्या. मोजल्यावर कळलं, निराधारच्या अर्जांत मर्यादेमुळे अडलेली आज्जींसारखी आणखी प्रकरणं होती. एकट्या अर्जाला शिफारसपत्र पुरतं. गठ्ठा झाला की त्याचा प्रश्न होतो.

तारांकित प्रश्नाची घडण ठरलेली असते. पहिला भाग, अमुक अमुक हे खरे आहे काय. दुसरा, असल्यास शासनाने चौकशी केली आहे काय. तिसरा, त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे. नवखा आमदार पहिल्याच भागात भाषण घुसवतो आणि मग छापील उत्तर येतं: हे खरे नाही. पुढच्या दोन्ही भागांपुढे: प्रश्न उद्भवत नाही. संपलं. म्हणून पहिला भाग असा लिहावा लागतो की "खरे नाही" म्हणता येऊ नये. आमदार आणि सहायक यांनी आज्जींच्या प्रश्नाचं पहिलं वाक्य तीन-चारदा खोडलं. "गोरगरीब निराधारांवर अन्याय होत आहे, हे खरे आहे काय" हे गेलं. आलं ते असं: निराधार अनुदान योजनेत कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 21,000 रुपये आहे, हे खरे आहे काय, ही मर्यादा कोणत्या वर्षी निश्चित केली, त्यानंतर शेतमजुरीच्या किमान दरात किती वेळा वाढ झाली. याला मंत्र्यांना "होय" म्हणावंच लागतं, वर्षं सांगावी लागतात, आणि ती सांगितली की उपप्रश्नाला जागा मिळते.

इथे एक गोष्ट मनात आल्यावाचून राहत नाही. एक टर्म पूर्ण केलेल्या माजी आमदाराला महिन्याला 50,000 रुपये निवृत्तिवेतन आहे, पुढच्या प्रत्येक वर्षाला 2,000 ची भर. आज्जींना मिळालं तर 1,500. दोन्हींचा पैसा एकाच अर्थसंकल्पातून जातो, एकाच सभागृहाच्या मंजुरीने. पहिला आकडा वाढवताना सभागृहात फारसा वाद होत नाही. दुसऱ्यासाठी कुणीतरी रात्री साडेआठला बसून वाक्य खोडावं लागतं.

पाण्यावर लक्षवेधी द्यायचं ठरलं: नदीत पाणी सोडण्याची तारीख आणि वीजकपातीचे तास गावांना आणि शहराला एकत्र, आगाऊ जाहीर करावेत. निवृत्त शिक्षकांचीच सूचना, सरकारी मराठीत. डीपीचा प्रश्न थांबवला, कारण सहीनिशी आकडे यायचे होते.

रात्री दहा

सोलापूर स्टेशन. सिद्धेश्वर एक्स्प्रेस इथून रात्री उशिरा सुटते आणि सकाळी मुंबईला पोचते. जिल्ह्यातले आमदार, कंत्राटदार, मंत्रालयात फाईल अडकलेले शेतकरी, सगळे याच गाडीला. फलाटावरही दोन अर्ज हातात पडतात. डब्यात चढल्यावरही एक जण बाकावर येऊन बसतोच.

पुढचं सगळं आमदाराच्या हातात नसतं. प्रश्न स्वीकारला जाईल की नाही, यादीत वर येईल की खाली, प्रश्नोत्तराच्या तासात तिथपर्यंत कामकाज पोचेल की गोंधळात सभागृह तहकूब होईल. पोचलं नाही तर छापील उत्तर पटलावर येतं, एवढंच. पण पोचलं, आणि मंत्री "मर्यादा वाढवण्याचा विचार करू" असं उभं राहून म्हणाले, तर त्या शब्दाची नोंद होते. सभागृहात मंत्र्यांनी दिलेल्या आश्वासनांवर देखरेख ठेवणारी समिती असते आणि दिलेला शब्द पाळला की नाही हे खात्याला तिच्यापुढे सांगावं लागतं. त्या समितीच्या कामाची बातमी आम्ही वार्ताहर जवळजवळ कधीच देत नाही, कारण तिथे कुणी टेबल आपटत नाही.

आज्जींचं कार्ड विभक्त झालं की त्यांचा अर्ज नव्याने जाईल. मुलाची मजुरी त्यात धरली जाणार नाही आणि बहुधा तो बसेल. त्यांच्या गल्लीतल्या ज्यांचा मुलगा घरातच आहे, त्यांचा मात्र बसणार नाही. त्यांच्यासाठी 21,000 चा आकडाच बदलावा लागेल. अधिवेशन संपलं की तो बदलला का, हेच मी आमदाराला विचारणार आहे, आणि उत्तर काहीही आलं तरी छापणार आहे.